झाडीपर्यंत

१२ ऑक्टोबर १९६४, सोमवार. दुबई

शारज्याच्या तळावरची इंग्रजांची विमानं आज पुन्हा शाळेवरून गेली. जोडीनं, अगदी खाली. मुलं पाढे टाकून खिडकीशी. "मिस, हंटर! मिस, टू हंटर्स!" मी फळ्याकडे तोंड करून सातचा पाढा लिहीत राहिले. आवाज गेल्यावर म्हटलं, बसा.

मान वर जात नाही. वीस वर्षं झाली, तरी नाही जात.

घरी मकबूलनं विचारलं. धाकटा भाऊ माझा, पण मी इथे त्याच्याकडे राहायला आल्यापासून वडिलांसारखा बोलतो. "बुबू, अब्बासभाईंना काय सांगू? माणूस किती दिवस थांबेल?" मी भातावर झाकण ठेवत होते. म्हटलं, हो सांग.

शमीमच्या हातातला डाव तसाच राहिला. भावजय माझी, तिनंच हे सगळं जुळवलंय, आणि तिलाच खरं वाटेना.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

नमाजेनंतर अब्बासभाई आले. खाडीच्या काठाला त्यांचं दुकान, दोरखंड, डांबर, कंदील, नांगर, लाँचवाल्यांना लागेल ते सगळं. मूळचे जैतापूरचे. बायको जाऊन सहा वर्षं. पन्नाशीचे, कमी बोलणारे. कलिंगड घेऊन आले होते, ते कुठे ठेवावं कळेना म्हणून मांडीवर घेऊनच बसले.

मकबूल चहा सांगायला आत गेला तेव्हा मला म्हणाले, "हो तुम्ही म्हटलंत की मकबूलनं?"

"मी."

"बरं झालं." मग कलिंगड खाली ठेवलं.

ईदनंतर निकाह, असं ठरलं. म्हणजे फेब्रुवारी. नजमाला कळवायला हवं. ती मुंबईत, नर्सिंगच्या होस्टेलवर. गेल्या सुट्टीत तीच म्हणाली होती, आई, माझं लग्न झाल्यावर तू कुणाशी बोलणार.

२५ ऑक्टोबर

आज ट्रंक उपसली. यू.चा युनिफॉर्ममधला फोटो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून लग्नाच्या वर्षी वहीत यू. लिहायला लागले, ते तसंच राहिलं. लग्न बेचाळीसला झालं. एकंदर संसार किती, तर रजेचे दिवस. पहिल्या रजेत आले तेव्हा अंबाल्याला विमान शिकत होते. दुसऱ्या रजेत हरिकेन चालवत होते आणि जेवताना पाटावरच हातानं वळणं घेऊन दाखवायचे. सासूबाई ओरडायच्या, सांडशील. तिसरी रजा झालीच नाही. नजमा पोटात होती.

तारेत एकच शब्द, बेपत्ता. आराकानवर, जपान्यांशी लढाई चालली होती तिथे. सासरे म्हणाले, समुद्रात पडला असेल. लढाई संपली, कैदी परत आले, त्यांत यू. नव्हते. गावात त्यांच्या नावानं गैरहाजर मय्यतीची नमाज झाली. मी इद्दत पाळली, विधवेचे चार महिने दहा दिवस.

समुद्र मला सोपा गेला. जयगडात ज्या घरातला कुणी समुद्रात गेला नाही असं घर नाही. त्या बायका कशा राहतात ते मी लहानपणापासून बघत होते. तशीच राहिले.

फोटो परत ठेवला. नव्या घरी नेणार नाही असं ठरवलं, मग ठरवलं नेईन. मग ट्रंकच बंद केली.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

मकबूल काल शारज्याच्या विमानतळावर माल उतरवून घ्यायला गेला होता, त्याच्या कंपनीचं ते कामच आहे. परत आला तो ओट्यावरच बसला, आत येईना. शमीमला वाटलं ऊन लागलं.

माल आणणाऱ्या डकोटाचा कॅप्टन पारशी आहे. इगतपुरीचा, वडील रेल्वेत होते, म्हणून मराठी बोलतो. मकबूलला विचारलं कुठला, तो म्हणाला रत्नागिरीकडचा. कॅप्टन म्हणाला, "लढाईत आमच्याकडे एक होता तुमच्या बाजूचा. जयगडचा. युसुफ."

मकबूल म्हणाला, माझ्या बहिणीचा नवरा.

मग दोघंही टायरच्या ढिगावर बसले म्हणे. कॅप्टन बेहराम नाव. पुढच्या शुक्रवारी मुक्काम आहे. मकबूलनं जेवायला बोलावलंय. "चूक केली काय, बुबू?"

म्हटलं, सुरमई आण.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आले. टक्कल पडलेलं, खांदे पुढे आलेले, वाचायला चष्मा. मी दारात बघत राहिले, त्यांना वाटलं असेल बाई विचित्र आहे. मी हिशेब करत होते की यू. आज असे दिसले असते. माझ्या मनात ते चोवीसचेच आहेत. माझ्या शाळेतल्या नव्या मास्तरपेक्षा लहान.

जेवणभर कॅ. बे. मकबूलशी टायरबद्दल बोलले. भाकरी तिसरी घेतली. हात धुतल्यावर मीच विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"त्याच्या मागे. आम्ही जोडीनेच जायचो नी, बाई. पुढच्याने खाली बघायचं, शत्रूच्या होड्या, तोफा, रस्ते. मागच्याने आकाश बघायचं, कोणी पाठीवर येत नाही ना. तो पुढे, मी मागे. आठ महिने असंच."

मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवते.

सकाळची फेरी. नदीवरून जाताना खालून गोळी लागली, यू.च्या इंजिनातून पांढरी वाफ निघायला लागली. उंची इतकी कमी की पॅराशूट काय उघडणार. नदीपलीकडे वाळूचा लांब पट्टा होता. चाकं बाहेर न काढता त्यावर पोटावर उतरवलं. "काय उतरवलं, बाई. लोण्यावर सुरी." कॅ. बे. वर घिरट्या घालत राहिले. यू. बाहेर आले. डोक्यावरचं काढून सीटवर टाकलं. वर बघितलं, दोन्ही हात हलवले. आणि वाळूवरून चालत झाडीत गेले.

"चालत?" मी विचारलं.

"चालत. धावला पण नाही."

दुसऱ्या दिवशी विमान जळालेलं दिसलं, आजूबाजूला कुणी नाही. पुढे काहीच कळलं नाही.

त्यांनी मकबूलकडे बघितलं, परत माझ्याकडे. "तुम्हाला हे माहीत होतं ना? मी तर सगळं रिपोर्टमध्ये दिलेलं. नंतर मी मलेरियाने हॉस्पिटलात. मला वाटलं, घरी कळवलं असेल."

म्हटलं, नाही. आम्हाला समुद्र माहीत होता.

१४ नोव्हेंबर

शाळेत गेले. शिकवलं. काय शिकवलं आठवत नाही.

चालत.

१७ नोव्हेंबर

वीस वर्षं ज्याला पाण्यात ठेवलं तो वाळूवर उभा आहे. पाय ओले पण नाहीत. मी इद्दतीला बसले तेव्हा तो कुठे होता? नजमाला पहिला दात आला तेव्हा? झाडीत काय होतं? वस्ती होती का? कुणी पाणी दिलं असेल का?

शमीम निकाहसाठी कापड बघायला चल म्हणते. डोकं दुखतंय म्हटलं. खरंच दुखतंय.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

कॅ. बे. पुन्हा. मीच मकबूलला बोलवायला लावलं. आज मी मरणाचं काहीच विचारलं नाही. म्हटलं, ते तिकडे जेवायचे काय?

हसले. "डब्यातलं मटण. रोज. म्हणून तो संध्याकाळी ओढ्यावर गळ टाकून बसायचा. कोकणातला माणूस, मासा नाही तर उपाशी. एकदा स्क्वाड्रनच्या सगळ्यांना पुरतील एवढे पकडले, आमच्या साहेबाने पण खाल्ले, काट्यासकट, कळेना बिचाऱ्याला."

बांबूच्या झोपड्या. मलेरियाच्या गोळ्यांनी सगळे हळदीसारखे पिवळे. झोपताना बूट उलटे करून ठेवायचे, विंचवासाठी. यू. इंजिन सुरू करताना बिस्मिल्ला म्हणायचे, ते रेडिओवर सगळ्यांना ऐकू जायचं. ते नाही म्हटलं तर मेकॅनिक बेचैन व्हायचा, तो शीख होता.

"आणि होड्या," कॅ. बे. म्हणाले. "जपानी लोक होड्या खारफुटीखाली लपवायचे. वरून आम्हाला हिरवं रान. युसुफ सांगायचा, आता ओहोटी आहे, चिखल बघ. चिखलात होडी ओढल्याची रेघ उठते. रेघ जिथे झाडीत शिरते तिथे होडी. इंग्रजांच्या शाळेत हे कोण शिकवणार?"

मला हे माहीत नव्हतं. जयगडच्या खाडीत ते लहानपणी काय बघत बसायचे ते मला माहीत होतं. पण ते तिकडे नेलं असेल असं कधी वाटलं नाही.

जाताना दारात म्हणाले, "मुलगी काय करते?" मी म्हटलं, मुलगी हे कसं कळलं तुम्हाला? "तो सगळ्यांना सांगत फिरायचा, मला मुलगी होणार. आम्ही म्हणायचो, तुला कुणी तार केली? तो म्हणायचा, बघाल."

मला लिहिलं होतं, मुलगा असो की मुलगी, सुखरूप होवो. बस्स एवढंच. मला वाटलं त्यांना मुलगा हवा असेल, सगळ्यांना असतो.

२८ नोव्हेंबर

आज अब्बासभाई दुकानाच्या दारात होते. मी समोरून गेले. ते उठून उभे राहिले. मी न थांबता पुढे गेले, आणि दिवसभर त्याची लाज वाटली.

११ डिसेंबर, शुक्रवार

विमानात बसले.

कॅ. बे. अबुधाबीला पाण्याचे पंप पोचवून दुपारी परत येणार होते. माझ्या तोंडून निघालं, मला नेता येईल? मकबूल "बुबू, काय बोलतंस," म्हणेपर्यंत ते म्हणाले, का नाही. मकबूल सोबत आला, तोंड पाडून. लँडरोव्हरनं शारज्यापर्यंत, भरतीचं पाणी वाटेवर चढलं होतं, एकदा उतरून ढकलावी लागली.

विमानात पंपांच्या खोक्यांमध्ये लोखंडी बाक. यल्ला यल्ला करत हमालांनी दार लावलं. उडाल्यावर कॅ. बे.नी मला पुढे बोलावलं आणि दोन खुर्च्यांच्या मागे उभं केलं. डाव्या हाताला वाळवंट, उजव्या हाताला समुद्र. उथळ पाणी हिरवं, मग एकदम निळं, आणि मधे वाळूचे दांडे, कुणी बोटानं ओढल्यासारखे. पाण्याखालच्या वाटा दिसतात. हे ते रोज बघत होते. लग्नात मला म्हणाले होते, तुला एकदा वरून जयगड दाखवीन. मी म्हटलं होतं, मला खालून पुरे.

अबुधाबीला उतरताना झोपड्यांबाहेर एक माणूस आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवत होता. मी अगदी डोळे ताणून बघितलं. तोंड दिसेना. म्हातारा की तरुण, कळेना. या म्हणतोय की जा, की नुसता खुशीत आहे, काहीच कळेना. इतक्या खालून जाऊनही.

माल उतरेपर्यंत आम्ही पंखाच्या सावलीत. मी विचारलं, "ते हात कसे हलवत होते?"

कॅ. बे. लगेच समजले. हातातला कप खाली ठेवला आणि सावलीतून बाहेर जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर, तळवे बाहेर, आणि ढकलल्यासारखे. पुन्हा. पुन्हा.

"जा," ते म्हणाले. "तो मला जा म्हणत होता. माझं पेट्रोल संपत आलेलं, त्याला ठाऊक होतं. मी जाईना म्हणून तो झाडीकडे वळला. तो दिसेनासा झाल्यावरच मी निघणार, हेही त्याला ठाऊक होतं."

परत येताना मी मागे बसले, खोकी गेलेली, विमान मोकळं. मकबूल माझ्याशेजारी बसला होता. त्यानं माझा हात धरला होता की मी त्याचा, माहीत नाही.

१८ डिसेंबर, शुक्रवार

मकबूलला सांगितलं, तारीख धरू नकोस.

आधी शांतपणे बोलला. मौलवींना विचारलंय, मृत्यूचा सरकारी कागद आहे, मजहबात अडचण नाही. मी म्हटलं, मजहबाची नाही, माझी आहे. मग त्याचा तोल गेला. "बुबू, वीस वर्षं. चालत निघाला असता तरी आतापर्यंत पोचला असता."

शमीमनं त्याला आत नेलं.

खरं तेच बोलला. पण खरं आहे म्हणून काय, असंही होतं.

२० डिसेंबर

मकबूलशी बोलत नाही. तोही नाही. शमीम दोघांमध्ये मीठ इकडे, पाणी तिकडे करतेय.

रात्रीचं स्वप्न नाही, भरदिवसा, फळ्यासमोर, मी झाडीपलीकडचं घर बघते. बांबूचं. तिथे एक माणूस म्हातारा होतोय. त्याला बायको आहे, तिकडची. पोरं आहेत. मला राग येत नाही. मला फक्त विचारायचं असतं, इकडची आठवण येते का.

मग वाटतं, असं घर मी बांधून द्यायला लागले म्हणजे मी काही ठीक नाही.

१ जानेवारी १९६५, शुक्रवार

नजमाला सगळं कळवलं होतं. लिहू की नको करत. तिला बाप फोटोतला, तेवढाच बरा, असं वाटायचं. तिचं उत्तर आलं. दोन पानं अभ्यासाची, परीक्षेची, मैत्रिणीच्या लग्नाची. आणि खाली, "ते कसे चालायचे, आई? कॅप्टन काकांना विचारशील? मी चालते तेव्हा डावा खांदा खाली जातो, मेट्रन ओरडते. तुझा नाही जात."

त्यांचा जायचा. दप्तर एकाच खांद्याला अडकवून शाळेत जायचे, त्यामुळे, असं सासूबाई म्हणायच्या. मी नजमाला कधी सांगितलं नाही. मला ते आठवतच नव्हतं. आज आठवलं.

खूप रडले. बरं वाटलं.

८ जानेवारी, शुक्रवार

रोजे सुरू. आज असरच्या नमाजेनंतर मी स्वतः अब्बासभाईंच्या दुकानात गेले. शमीमला घेऊन, लोकांसाठी. ती बाहेर गल्ल्यापाशी थांबली.

ते दोरखंड गुंडाळत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वाळूचा पट्टा, हात, झाडी. म्हटलं, मी हो म्हटलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि मला पुढे पाऊल टाकता येत नाही. तुम्ही दुसरीकडे बघा. तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं नाही.

त्यांनी दोर पूर्ण गुंडाळला. गाठ मारली. मग म्हणाले, "माझी बायको माझ्या हातावर गेली. कबर जैतापूरला आहे, सुट्टीत जातो, गवत काढतो. ती कुठे आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला ते नाही. मी हे आधी धरलंच नव्हतं. मला वाटलं, दोघं सारखेच आहोत."

मग त्यांनी दोर फळीवर ठेवला.

"मी कुणाला विचारू का?" ते म्हणाले.

"काय?"

"त्या बाजूला जाणारी आपली माणसं आहेत. खलाशी. चितगावला बोटी जातात. तिथून पलीकडची, आराकानची माणसं नदीवरून येतात जातात. जयगडचा एक सारंग आहे, बोटीवरच्या खलाशांचा मुकादम, माझ्याकडून माल घेतो. विचारलं तर हरकत काय. कळलं तर कळलं."

म्हटलं, तुम्ही का विचारणार?

"तुम्हाला जायला जमणार नाही म्हणून," ते म्हणाले.

२२ जानेवारी, शुक्रवार

आज इफ्तारला दोघंही घरी. कॅ. बे. आणि अब्बासभाई. मकबूलनंच बोलावलं. त्यानं मला सांगितलं नाही, फक्त सकाळी बाजारातून जास्त खजूर आणले आणि माझ्यापुढे ठेवले. आमचं भांडण असं मिटलं.

सारंगाची बोट बाहेर समुद्रात नांगरून आहे, तांदूळ उतरतोय. चार-पाच दिवसांत निघेल. त्याला जागा नीट सांगायला हवी. कॅ. बे.नी कागद मागितला, मकबूल शोधायला लागला, तेवढ्यात कॅ. बे.नी शमीमची पिठाची परात पुढे ओढली. तांदळाचं पीठ सपाट केलं आणि बोटानं नदी काढली. मुख इथे. इथे बेट. इथे वळण, इथे डोंगर नदीपर्यंत येतो. "वाळू इथे."

अब्बासभाई परातीवर वाकले. बराच वेळ बघितलं. "हे भरतीला बुडत असेल."

"अर्धं."

"मग झाडी कायमची वस्तीची जागा नाही. पाणी आत येतं. माणूस तिथे राहणार नाही, पुढे जाणार. उंचावर. गोडं पाणी कुठे?"

कॅ. बे.नी डोंगराच्या पायथ्याशी बोट ठेवलं. "इथे एक झरा दिसायचा. दोन-चार घरं."

"मुसलमानांची?"

"त्या बाजूला होती पुष्कळ."

"मग तिथे विचारायला सांगतो. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात वरून उतरलेला माणूस. गावात असं कुणी विसरत नाही. जिवंत असो, नसो."

शेवटचा शब्द म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी दारात उभी होते, पदर तोंडाशी. माझा निकाह ज्याच्याशी ठरला होता तो माणूस आणि माझ्या नवऱ्याचा जोडीदार, दोघांची डोकी एका परातीवर. मला यू.ची फार आठवण आली. आणि त्याच वेळी अब्बासभाईंच्या शर्टाची बाही पिठानं पांढरी झाली होती, ती झटकावी असं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं. असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

नंतर शमीमनं त्याच पिठाच्या भाकऱ्या केल्या. सगळ्यांनी खाल्ल्या.

३ फेब्रुवारी. ईद

नवे कपडे नाहीत केले. शेजारच्या बाईनं शमीमला विचारलं, निकाहचं काय झालं. शमीम म्हणाली, काही झालं नाही, होईल तेव्हा होईल. माझ्या भावजयीला मी कधी दाद दिली नाही, आज दिली, मनात.

अब्बासभाई ईदच्या भेटीला आले. शीरखुर्मा खाल्ला. सारंगाची बोट गेली, असं सांगितलं. त्याला दोनदा सगळं म्हणून दाखवायला लावलं म्हणे.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

कॅ. बे.ची बदली. कंपनीचं इथलं काम खलास, आता बहारीन. जेवायला आले होते, शेवटचे. मी विचारलं, तुम्हाला अजून आठवतं का रोज?

"रोज नाही, बहेन. खोटं कशाला बोलू. पण विमान कुठेही उतरवतो तेव्हा थोडं थांबतो. सगळे उतरल्यावर एकदा मागे बघतो."

नजमासाठी विचारलं, चालण्याचं. त्यांनी अंगणात चालून दाखवलं, डावा खांदा खाली टाकून. चाळिशी उलटलेला पारशी माणूस, पोट सुटलेलं, आणि चालला तर यू.च. मकबूल हसायला लागला. मीही.

५ मार्च, शुक्रवार

काल शाळेत एका मुलानं विमानाचं चित्र काढलं. खाली वाळूवर काडीसारखा माणूस. मी विचारलं, हा काय करतोय? "ही इज सेइंग बाय, मिस." मी त्याला चांगलं म्हटलं.

अब्बासभाई आता दर शुक्रवारी येतात. ओट्यावर मकबूलशी बोलतात. मी आत असते, पण बोलणं ऐकत असते. मागच्या शुक्रवारी उशीर झाला त्यांना, तर मी दोनदा दाराशी जाऊन आले. शमीमनं बघितलं. हसली.

१४ मार्च, रविवार

सारंगाकडून काही नाही. बोट चितगावला पोचली एवढं दुसऱ्या बोटीवाल्यानं सांगितलं. पलीकडे माणूस गेला की नाही, माहीत नाही. पावसाआधी परत येईल, नाहीतर पावसानंतर.

अब्बासभाई आज स्वतः लाँचनं बसऱ्याला निघाले, माल आणायला. मी आणि शमीम खाडीवर गेलो. आधी असं कुणाला पोचवायला गेले नव्हते. यू.ना पोचवायला फक्त पुरुष गेले होते, बायकांनी घराच्या पायरीवरून बघायचं.

ते फळीवर चढायच्या आधी आमच्याजवळ आले. म्हणाले, "मी नसताना बातमी आली तर मकबूल सांगेल. माझी वाट बघू नका."

मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कुठली बातमी यावी?"

विचार केला त्यांनी. "खरी यावी. माझ्या मनाला विचाराल तर दुसरं उत्तर मिळेल. म्हणून विचारू नका."

"मला पण माहीत नाही," मी म्हटलं. "रोज वेगळं वाटतं."

त्यांनी मान डोलावली. वळले. मी म्हटलं, "परत कधी?"

थांबले. शमीम दुसरीकडे बघायला लागली.

"इन्शाल्ला, महिन्याभरात," ते म्हणाले.

लाँच खाडीच्या तोंडाशी वळली, मग अडवणाऱ्या वाळूला वळसा घालून बाहेर पडली. ते मागच्या बाजूला उभे होते, हात हलवला नाही, नुसते उभे. शमीम म्हणाली, चल बुबू, ऊन झालं. म्हटलं, तू हो पुढे. मी येते.